स्पेनमधला भाषा-महिना: वाचकांचे प्रश्न

स्पेनला जाऊन, तिथल्या कुटुंबात राहून स्पॅनिश शिकायचं, या विषयावर गोव्यातून बरीच पत्रं आली. विद्यार्थ्यांची आली, त्यांच्या आई-बाबांची आली, एका शिक्षिकेचंही आलं. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत, फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न (म्हापसा): माझी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये. पण सगळ्या माहितीपत्रकांत ‘उन्हाळी कोर्स’ म्हणजे जुलै-ऑगस्ट. तेव्हा गेली तर कॉलेजची हजेरी बुडते. काय करावं? आणि शहर कोणतं निवडावं?

उत्तर: तिला मेमध्ये पाठवा. माहितीपत्रकातला ‘उन्हाळा’ तिकडच्या शाळांच्या सुट्टीवरून ठरतो. प्रौढांच्या बहुतेक भाषाशाळा वर्षभर चालतात आणि दर सोमवारी नवे विद्यार्थी घेतात. अडचण फक्त कोऱ्या पाटीने जाणाऱ्यांची असते. ज्याला एक शब्दही येत नाही, त्याच्यासाठी महिन्यात एखाद-दुसराच सोमवार ठरलेला असतो. मुलीने एप्रिलपर्यंत घरी पायाभूत भाग करून घेतला, तर ही अट तिला लागणार नाही. मेमध्ये वर्गात गर्दी कमी असते आणि चांगलं यजमान कुटुंब मिळण्याची शक्यता जास्त असते. सोबतीला तिच्या वयाची मुलं मात्र जुलैइतकी भेटणार नाहीत. आमच्या मते भाषेच्या दृष्टीने तो फायदाच आहे. 1 मे तिकडेही सुट्टीचा दिवस आहे. सुट्टीमुळे बुडालेले तास शाळा भरून देते की नाही, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

शहर निवडताना आधी पाहायचं ते हे की तिथल्या रस्त्यावर कोणती भाषा बोलली जाते. बार्सिलोनात स्पॅनिशबरोबर कातालान चालते, वालेन्सियात तिचीच एक बोली, सान सेबास्तियानमध्ये बास्क, सांतियागो दे कोम्पोस्तेलात गालिसियन. माणसं तिथे स्पॅनिश उत्तम बोलतात, पण पाट्या, बसमधल्या सूचना, शेजाऱ्यांच्या आपापसांतल्या गप्पा वेगळ्या भाषेत कानावर येतात आणि नवशिक्या गोंधळतो. पहिल्या खेपेला सालामांका, वाय्यादोलिद, बुर्गोस ही कास्तियाकडची शहरं घ्या. तिथले उच्चार स्वच्छ, परदेशी पर्यटकांची इंग्रजी कमी, आणि सालामांकाला तर 1218 साली स्थापन झालेल्या विद्यापीठामुळे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. माद्रिदहून बसने अडीच ते तीन तास लागतात. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे मेच्या रात्री चांगल्याच गार असतात. गोव्याच्या मे महिन्यातून निघताना पटणार नाही, तरी स्वेटर बॅगेत टाकाच.

सेव्हिया सुंदर आहे, पण जुलैत तिथे पारा चाळिशी ओलांडतो आणि तिथले लोक शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात. ते शहर दुसऱ्या खेपेला ठेवावं. मालागात समुद्र आहे, पण इंग्रजी बोलणारे पाहुणेही फार. समुद्र आपल्याकडे भरपूर आहे, त्यासाठी एवढे पैसे घालू नयेत.

प्रश्न (वास्को): चार आठवड्यांच्या कोर्ससाठी कोणता व्हिसा? कागदपत्रांत नेमकं कुठे चुकतं?

उत्तर: कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणारा, अल्पमुदतीचा व्हिसा चालतो. त्याहून लांब शिक्षणाला राष्ट्रीय विद्यार्थी व्हिसा लागतो, आणि त्याची तयारी बरीच आधी सुरू करावी लागते. अल्पमुदतीचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. पण 15 दिवसांवर विसंबू नका. मार्च-एप्रिलमध्ये भेटीच्या वेळा मिळेनाशा होतात. मेमध्ये जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत हालचाल हवी. मोठ्यांसाठी व्हिसाचं शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राची फी वेगळी. पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. कोर्स सोमवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो, पण यजमान कुटुंबातला मुक्काम रविवार ते शनिवार असतो. मुलं अर्जात कोर्सच्या तारखा लिहितात, विमान मात्र शनिवारचं असतं. मग विमा एका तारखेचा, राहण्याचं पत्र दुसऱ्या, तिकीट तिसऱ्या. अर्जात, विम्यात, राहण्याच्या पत्रात आणि तिकिटात येण्या-जाण्याच्या तारखा एकच असू द्या. विमा किमान 30,000 युरोंचा, साऱ्या शेंगेन देशांत चालणारा, आजारपणात मायदेशी परत आणण्याचा खर्च धरणारा हवा. तो दोन्ही बाजूंनी एक-दोन दिवस जास्तीचा घ्यावा.

दुसरा घोळ पैशांच्या कागदांचा. खर्च बाबा करणार असतील तर त्यांचं हमीपत्र, बँकेचे उतारे आणि आयकर विवरण जोडायचं. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली याचा कागदही जोडा. ‘विद्यार्थी परत येणार’ हे दाखवायला कॉलेजचं पत्र उपयोगी पडतं. त्यात रजेच्या तारखा आणि पुढचं सत्र कधी सुरू होतं हे दोन्ही लिहून घ्या. विद्यार्थी 18 वर्षांखालचा असेल तर आई आणि बाबा दोघांचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं.

कुटुंबात कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल, तर त्या व्यक्तीला व्हिसाची गरजच नाही. पण तिच्या भारतीय पासपोर्ट असलेल्या बहिणीला आहे. एकत्र निघालेल्या भावंडांत हे विसरलं जातं.

प्रश्न (फोंडा): स्पॅनिश अजिबात येत नाही. चार आठवड्यांत बोलता येईल का?

उत्तर: आधी हिशोब पाहा. नेहमीच्या कोर्समध्ये आठवड्याला 20 तासिका, प्रत्येकी 50 मिनिटांच्या. म्हणजे आठवड्याला 16 तास 40 मिनिटं, चार आठवड्यांत साधारण 67 तास. एवढ्यात शून्यापासून सुरुवात केली तर ए1 पातळी, म्हणजे स्वतःची ओळख, बाजार, रस्ता, वेळ, घर, इतकं नीट येतं. पण ए1 साठी स्पेनला जाणं महाग पडतं. आकडे, वार, ‘असणे’ची रूपं, वर्तमानकाळ हे सगळं फोंड्यात बसूनही शिकता येतं. तीन महिने रोज एक तास देऊन ते घरी करा आणि तिकडे ए2 च्या, म्हणजे पुढच्या पातळीच्या, वर्गात बसा. तेव्हा बाहेर ऐकू येणाऱ्या बोलण्यातलं काही कळू लागलेलं असतं, आणि जे कळतं तेच टिकतं.

पहिल्या दिवशी पातळी ठरवायची परीक्षा असते, प्रुएबा दे निबेल. मोबाइलवरच्या खेळातून शिकलेली मुलं पर्याय निवडायच्या भागात भराभर गुण मिळवतात आणि वरच्या वर्गात जाऊन गप्प बसतात. असं झालं तर पहिल्या दोन दिवसांतच खालचा वर्ग मागून घ्या. शाळा सहसा नाही म्हणत नाही. तिसऱ्या आठवड्यात मागितला तर उपयोग नाही.

प्रश्न (साखळी): आम्ही मासळी खातो, मांस नाही. सोमवारी आणि श्रावणात शाकाहार. मुलगा कुटुंबात राहणार आहे. उपाशी तर राहणार नाही ना?

उत्तर: नाही राहणार, पण ‘शाकाहारी’ हा शब्द वापरून सुटका होणार नाही. ‘बेखेतारियानो’ म्हटलं की काही घरांत लाल मांस वर्ज्य एवढाच अर्थ घेतात, आणि भाजीत खामोनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. त्यांना ते मसाल्यासारखे वाटतात. म्हणून पदार्थांची नावं घेऊन सांगायचं. अर्जाच्या फॉर्मवर आणि पहिल्या संध्याकाळी तोंडी, दोन्हीकडे: ‘नो कोमो कार्ने, नी खामोन, नी चोरीथो, सी कोमो पेस्कादो ई उएबोस.’ मांस, खामोन, चोरीथो खात नाही. मासे आणि अंडी खातो. चोरीथो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, आपल्याकडच्या चोरीसचा भाऊच. तिकडच्या मसुराच्या आमटीत, लेन्तेखासमध्ये, तो हमखास असतो. मसूर बघून मुलगा खूश होईल, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं. रस्सा आणि भात बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. विचारायचं वाक्य: ‘येबा काल्दो दे कार्ने?’ मान्तेका म्हणजे बहुतेक वेळा डुकराची चरबी. मान्तेकादो आणि पोल्बोरोन ही बिस्किटं तिचीच असतात.

निर्धास्तपणे खाण्यासारखं खूप आहे. बटाटा-अंड्यांचा जाड पोळा तोर्तिया दे पाताताज, टोमॅटोचं थंड सार गास्पाचो, भाज्यांचा पिस्तो, पालक-काबुली चण्याची भाजी. सारासारखाच पण घट्ट असा साल्मोरेखो मागताना ‘सिन खामोन’ म्हणायचं, कारण त्यावर खामोन भुरभुरवलेला असतो. मासळीची तर चंगळ आहे. बांगड्याचा जातभाई काबाया, सार्डिन, बोकेरोनेस म्हणजे छोटी मासळी. ती तळलेली किंवा भाजलेली मिळते. हुमणाची आठवण येईलच. तिकडे तिखट जवळजवळ नसतं, म्हणून लसणाची कोरडी चटणी थोडी सोबत द्या.

सोमवारचा शाकाहार सांगायला अवघड नाही. ‘लोस लूनेस, सिन पेस्कादो’ एवढं पुरे. स्पेनमध्ये लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या, शुक्रवारी मांस न खाण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे वार पाळणं म्हणजे काय हे त्यांना समजावावं लागत नाही.

वेळा मात्र बदलाव्या लागतील. न्याहारी अगदी हलकी, कॉफी आणि टोस्ट. दुपारचं जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचं नऊनंतर. अकराला भूक लागते, तेव्हा शाळेच्या मधल्या सुट्टीत काहीतरी खायची सवय ठेवावी. कुटुंबाशी ‘मेदिया पेन्सियोन’ ठरवलं असेल तर दोन वेळचं, ‘पेन्सियोन कोम्प्लेता’ असेल तर तीन वेळचं जेवण. आम्ही दुसरं सुचवतो. कारण पुढच्या एका उत्तरात आहे.

प्रश्न (पेडणे): यजमान घरातले न सांगितलेले नियम कोणते?

उत्तर: अनवाणी फिरू नये. आपण चपला दारात काढतो, ते घरात वेगळ्या सपाता घालतात, आणि अनवाणी पाय त्यांना अस्वच्छ वाटतात. अंघोळ दिवसातून एकदा आणि थोडक्यात, कारण गरम पाण्याची टाकी छोटी असते आणि मागून चौघं असतात. कपडे आठवड्यातून एकदा मशीनला. स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय काही शिजवू नये. संडासात पाण्याचा फवारा नसतो. जुन्या घरांत बिदे, म्हणजे धुण्यासाठीचं वेगळं बसकं भांडं, असतं, नसलं तर आपली छोटी बाटली. खिडक्यांच्या बाहेरच्या गुंडाळपट्ट्या, पेर्सियानास, दिवसा बंद असतात. अंधार वाटतो म्हणून त्या उघडू नका, घर तापतं.

भेटताना दोन्ही गालांना गाल लावतात. संकोच वाटत असेल तर आपणच आधी हात पुढे करायचा. कुणी वाईट मानत नाही.

प्रश्न (मडगाव; पत्र ग्रानादाहून): येऊन दोन आठवडे झाले. वर्गात आम्ही पाच भारतीय आहोत. वर्ग छान चालतो, व्याकरण कळतं, पण बाहेर तोंड उघडत नाही. घरी सेन्योरा बोलते आणि मी ‘सी, सी’ म्हणते. पैसे वाया जाणार असं वाटतं.

उत्तर: वाया जाणार नाहीत. दोन आठवडे हातात आहेत आणि ते पुरेसे आहेत, पण दिवसाची रचना बदलावी लागेल. वर्गातली तुमची भाषा पुढे गेली आहे आणि जीभ मागे राहिली आहे. जिभेला सराव दिवसाला जेमतेम दहा मिनिटं मिळतोय, बाकीचा वेळ तुम्ही पाच जणी आपसांत कोकणी-हिंदी-इंग्रजी बोलता. अमेरिकेत मिडलबरी कॉलेजच्या उन्हाळी भाषाशाळा 1915 पासून चालतात. तिथे विद्यार्थ्याकडून शिकत असलेल्या भाषेखेरीज दुसरी भाषा न बोलण्याची लेखी प्रतिज्ञा घेतात, जेवतानासुद्धा आणि खेळतानासुद्धा. तुम्ही पाचही जणींनी एवढं कडक राहायला नको, पण शाळेच्या दारापासून दुपारच्या जेवणापर्यंत स्पॅनिशच, हे आजच ठरवा. चौघी तयार नसतील तर मधल्या सुट्टीत दुसऱ्या देशाच्या विद्यार्थ्याशेजारी बसा, ज्याला इंग्रजी फारशी येत नाही अशा. जपानी, ब्राझिलियन, कुणीही. दोघांची मोडकी स्पॅनिश एकमेकांना घाबरवत नाही.

खरा वर्ग मात्र जेवणाच्या टेबलावर आहे. जेवण झाल्यावर कुणी उठत नाही, अर्धा-पाऊण तास गप्पा चालतात. त्याला सोब्रेमेसा म्हणतात. आपल्याकडे संध्याकाळी बाल्कांवात बसून जे चालतं, ते तिकडे ताटं सरकवून चालतं. पूर्ण जेवणाचा करार करा असं वर म्हटलं ते यासाठीच. या वेळेत बहुतेक मुलं घरी फोन करायला उठतात, कारण तिकडे तीन वाजले की गोव्यात साडेसहा झालेले असतात आणि आई मोकळी असते. तो फोन साडेचारला करा. गोव्यात तेव्हा रात्रीचे आठ असतात, आणि तिकडे दुपारची निजेची वेळ, घरात कुणी बोलतच नसतं. एवढ्या एका बदलाने आठवड्याला चार-पाच तासांचं बोलणं पदरात पडतं.

टेबलावर रिकाम्या हाती जाऊ नका. वर्गातून घरी येताना वाटेत दिसलेल्या गोष्टींची तीन वाक्यं तयार करा आणि चौथा एक प्रश्न. प्रश्न महत्त्वाचा, कारण उत्तर सेन्योरा देते आणि तुम्हाला ऐकायला मिळतं. ‘हे कसं शिजवलं?’ हा प्रश्न कधीच वाया जात नाही. त्यात भूतकाळ आहे, क्रियापदं आहेत, घटकांची नावं आहेत. ‘सी, सी’ म्हणणं थांबवा. त्याने समोरच्याला वाटतं की कळलं, आणि ती आणखी भराभर बोलते. कळलं नाही तर ‘ओत्रा बेस, मास देस्पासियो, पोर फाबोर’, पुन्हा एकदा, सावकाश. आणि पहिल्याच दिवशी करायला हवी होती ती विनंती आता करा: ‘मे कोर्रिखेस, पोर फाबोर?’ चुकले तर सुधारशील का? सांगितल्याशिवाय बहुतेक यजमान सुधारत नाहीत, त्यांना तो उद्धटपणा वाटतो. सुधारलेलं वाक्य लगेच मोठ्याने पूर्ण म्हणा. मान डोलावून पुढे गेलात तर तीच चूक उद्या परत होईल.

तिसरी जागा बाजार. सुपरमार्केटमध्ये तोंड न उघडता खरेदी होते, म्हणून तिथे जाऊ नका. मंडईत जा. तिथे रांग दिसत नाही, पण असते. आल्याबरोबर विचारायचं, ‘किएन एस एल उल्तिमो?’, शेवटचा कोण? कुणीतरी हात वर करतं, त्याच्यामागे तुमचा नंबर, आणि पुढे येणाऱ्याला तुम्ही ‘यो’ म्हणायचं. हे विचारलं नाही तर लोकांना वाटतं तुम्ही घुसलात. मग ‘मे पोने मेदियो किलो दे तोमातेस?’ विक्रेता विचारतो ‘आल्गो मास?’, तुम्ही ‘नादा मास, ग्रासियास’. रोज पाव किलो, अर्धा किलो, एकेक वस्तू घ्या, आठवड्याचं सामान एकदम नको. चौथ्या दिवशी तोच विक्रेता तुम्हाला काहीतरी विचारेल, आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं.

भाषा-अदलाबदलीचे कार्यक्रमही असतात, इन्तेरकाम्बियो. गर्दीच्या ठिकाणचे टाळा, तिथे शेवटी इंग्रजी जिंकते. शाळेच्या फलकावर चिठ्ठी लावून एकच जोडीदार शोधा आणि अर्धा तास स्पॅनिश, अर्धा तास इंग्रजी, घड्याळ लावून. ऑगस्टमध्ये स्थानिक लोक सुट्टीवर निघून जातात, तेव्हा जोडीदार मिळणं कठीण होतं.

प्रश्न (पणजी): मी स्पॅनिशची शिकवणी घेते. मुलं इंग्रजी माध्यमाची. ‘मे गुस्ता’वर वर्षानुवर्षं अडतात. कसं समजावू?

उत्तर: इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतून, कोकणीतून समजावा. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता होतो. मराठीत होत नाही, आणि स्पॅनिशमध्येही होत नाही. ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद आंब्याप्रमाणे बदललं. ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. कोकणीतही ‘म्हाका आंबो आवडटा’, ‘म्हाका आंबे आवडटात’. मुलांना जे घरात येतं तेच स्पॅनिशमध्ये मागितलं जातंय. ती इंग्रजीतून वळसा घालून येतात म्हणून ‘यो गुस्तो’ लिहितात. ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणजे ‘माझं डोकं दुखतं’, इथेही दुखणारं डोकंच कर्ता.

अशा जागा आणखी आहेत. ‘मी घर पाहते’ पण ‘मी मारियाला पाहते’. माणसाला ‘ला’ लागतो, वस्तूला सहसा लागत नाही. स्पॅनिशमध्ये ‘बेओ ला कासा’ पण ‘बेओ आ मारिया’. पुस्तकांत हा नियम दोन पानं खातो, मराठी मुलाला तो एका वाक्यात कळतो. भूतकाळाच्या दोन रूपांचंही तेच. ‘मी खाल्लं’ ते ‘कोमी’, ‘मी खायचे, मी खात असे’ ते ‘कोमीआ’. आणि ज्या रूपाला सगळे घाबरतात, त्या सुब्खुन्तिबोची चव आपल्या ‘वे’ प्रत्ययात आहे. ‘तू येतोस’ वेगळं, ‘तू यावंस असं मला वाटतं’ वेगळं. ‘किएरो के बेंगास.’ ‘पाऊस पडावा’, ‘के यूएबा’. सगळीकडे जुळत नाही, पण इच्छा आणि आशेपुरतं पक्कं जुळतं, आणि तेवढ्याने भीती जाते.

‘सेर’ आणि ‘एस्तार’ यांत मात्र मराठी मदत करत नाही, दोन्हींना आपण ‘आहे’ म्हणतो. ते वापरातूनच येतं. एक फसवी जागा आधीच दाखवा: वस्तू कुठे आहे याला ‘एस्तार’, पण कार्यक्रम कुठे आहे याला ‘सेर’. वर्ग तीन नंबरच्या खोलीत ‘एस’, खुर्ची तिथे ‘एस्ता’.

उच्चारांत ‘ट’ काढून टाका. स्पॅनिश ‘तू’ हा उच्चाराने आणि अर्थाने आपला ‘तू’च आहे. इंग्रजी सवयीने मुलं ‘टू’ म्हणतात. च हा चहातला, चमच्यातला नव्हे. एकटा र आपल्यासारखा, पण दोन र आले की जीभ थरथरली पाहिजे, नाहीतर ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ होतो. शब्दाच्या सुरुवातीचा एकटा र-सुद्धा थरथरतो. आणि व नाही. वास्को तिकडे ‘बास्को’ होतं. माद्रिदकडचा जिभेचं टोक दातांत धरून काढलेला आवाज आपल्या ‘थ’सारखा लिहितो, पण त्यात आपल्या ‘थ’चा श्वासाचा धक्का नाही. जमत नसेल तर साधा ‘स’ म्हणा. सेव्हियाच्या परिसरापासून मेक्सिकोपर्यंत कोट्यवधी लोक तसंच बोलतात.

प्रश्न (दिवाडी): आजी पोर्तुगीज बोलते, मलाही थोडी येते. फायदा की तोटा?

उत्तर: वाचताना मोठा फायदा, बोलताना सावध. मेज, तुवालो (टॉवेल), फेस्त, आरमार (कपाट) हे घरातले शब्द ‘मेसा’, ‘तोआया’, ‘फिएस्ता’, ‘आर्मारियो’ म्हणून परत भेटतील. पण जनेल (खिडकी) तिकडे ‘बेन्ताना’ होते, कुलेर (चमचा) ‘कुचारा’, काजू ‘आनाकार्दो’ आणि अननस ‘पिन्या’. काही शब्द दिसतात सारखे आणि फसवतात. पोर्तुगीजमध्ये ‘पोल्वो’ म्हणजे ऑक्टोपस, स्पॅनिशमध्ये धूळ. पोर्तुगीज ‘साल्सा’ ही अजमोदासारखी हिरवी पानं, स्पॅनिश साल्सा म्हणजे सॉस. ‘लार्गो’ एकीकडे रुंद, दुसरीकडे लांब. ‘बोर्राशा’ म्हणजे खोडरबर, आणि तोच शब्द स्पॅनिशमध्ये ‘दारू प्यायलेली बाई’. वर्गात खोडरबर मागायचं तर ‘गोमा’. अशा जोड्यांची वेगळी वही करा. आजीशी पोर्तुगीज बोलणं सोडू नका, फक्त त्या महिन्यापुरतं फोनवर कोकणी बोला.

प्रश्न (डिचोली): पैसे कसे न्यावेत?

उत्तर: युरो भरलेलं कार्ड, एक पर्यायी कार्ड वेगळ्या बॅगेत आणि पहिल्या आठवड्यापुरती रोकड. यंत्राने किंवा दुकानदाराने ‘रुपयांत की युरोत?’ विचारलं तर नेहमी युरो निवडा. रुपये निवडले की दर ते ठरवतात आणि तो महाग असतो. स्थानिक सिमकार्डाला पासपोर्ट लागतो, तो दाखवून लगेच मिळतं.

प्रश्न (काणकोण): परत येताना प्रमाणपत्र हवं. देले की सिएले?

उत्तर: शाळेचं प्रमाणपत्र फक्त हजेरीचं असतं. देले एका ठरलेल्या पातळीची परीक्षा आहे, वर्षातल्या ठरावीक तारखांना होते, नोंदणी कित्येक आठवडे आधी बंद होते आणि प्रमाणपत्र कायमचं असतं. ए2 ला वाचन-लेखन आणि ऐकणं-बोलणं असे 50-50 गुणांचे दोन गट असतात, आणि दोन्हींत वेगवेगळे 30 मिळवावे लागतात. एका गटातले जास्तीचे गुण दुसऱ्याला देता येत नाहीत, आणि आपली मुलं दुसऱ्या गटात अडखळतात. सिएले संगणकावर होते, उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसून गुण दिले जातात, आणि 5 वर्षं वैध असते. एका महिन्याच्या मुक्कामानंतर लगेच काही दाखवायचं असेल तर सिएले सोयीची. पुढे शिक्षणासाठी लागणार असेल तर देले.

प्रश्न (कुडचडे): यजमानांसाठी गोव्याहून काय न्यावं?

उत्तर: भाजलेले काजू, पाकीटबंद. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणून पेढे, तूप, चोरीस नको. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे, आंब्याला नाही. त्यामुळे मेमध्ये जाणाऱ्यांनी मानकुराद बॅगेत घालू नये, विमानतळावर काढून घेतात.

काजूबरोबर एक वाक्य पाठ करून न्या, कारण ‘गोवा कुठे आहे?’ हा प्रश्न पहिल्याच जेवणात येईल. 1506 साली नाबार्रातल्या खाविएरच्या किल्ल्यात जन्मलेले संत फ्रान्सिस झेवियर तिकडे ‘फ्रान्सिस्को खाविएर’ म्हणून घरोघरी माहीत आहेत. ‘सोय दे गोआ, दोन्दे एस्ता एल सेपुल्क्रो दे सान फ्रान्सिस्को खाविएर.’ मी गोव्याची, जिथे त्यांची समाधी आहे. त्यानंतर प्रश्न येतीलच, म्हणून जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकाबद्दल आणि डिसेंबरातल्या फेस्ताबद्दल चार वाक्यं तयार ठेवा.